अर्धा किलो वाइन आणि नळीची बिअर: ग्रीसमधले आठ दिवस

पहिला दिवस: अथेन्स

द्राक्षवाल्याला वर्षात खरी मोकळीक एकदाच मिळते. काड्या पिकत आलेल्या असतात, पाऊस ओसरायला लागलेला असतो आणि ऑक्टोबर छाटणी अजून दोन-तीन आठवडे लांब असते. निफाड तालुक्यातली माझी तीन एकर बाग वाइनच्या द्राक्षांची. माल तोडला की ट्रॅक्टर थेट वायनरीच्या काट्यावर. मी स्वतः पितो अगदी बेतानं, पण आपण जे पिकवतो ते जुन्या काळी लोक कसं पीत असतील, हे कुतूहल बरीच वर्षं डोक्यात होतं.

मेहुणा श्टुटगार्टला नोकरीला आहे. तो म्हणाला, "दाजी, सप्टेंबरात जर्मनीला या, बिअरचा हंगाम असतो." मी म्हटलं, द्राक्ष जिथं देवाच्या हातात जाऊन बसलं तिथं जायचंय. शेवटी तह झाला. देश माझ्या पसंतीचा, गाडी तो चालवणार आणि रोज संध्याकाळी तो बिअर पिणार, त्यावर मी प्रवचन द्यायचं नाही. प्रवचनं पुढे त्यानंच दिली.

हॉटेल ज्या मेट्रो स्टेशनजवळ मिळालं त्याचं नाव सिंग्रू-फिक्स. त्यातलं 'फिक्स' म्हणजे बिअर. फुक्स नावाचं बव्हेरियन घराणं ग्रीसला आलं, नावाचं ग्रीक होऊन फिक्स झालं आणि १८६४ साली त्यांची बिअर सुरू झाली. स्टेशनला लागून उभी असलेली लांबलचक इमारत त्यांचा जुना कारखाना. आता तिथं समकालीन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. वाइनच्या देशात पाऊल ठेवलं आणि समोर पहिली वास्तू बिअरची. मेहुण्यानं तिचा फोटो काढून लगेच घरच्या ग्रुपवर टाकला.

रात्री खानावळीत मी लाल वाइन मागितली तर वाढप्या विचारतो, "मिसो किलो?" म्हणजे अर्धा किलो. मला वाटलं, हा द्राक्षं आणतोय की काय. पण इथं सुटी वाइन किलोवरच मागतात आणि पत्र्याच्या मापट्यातून टेबलावर येते. पुढचे आठ दिवस मी हा शब्द मोठ्या रुबाबात वापरला. मग शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं आग्रह केला म्हणून रेत्सिना चाखली. हिच्यात पाइनची राळ असते. पहिल्या घोटाला नवीन पॉलिश केलेल्या कपाटाचं दार उघडल्यासारखं वाटलं. जुन्या काळी मातीच्या कुंभातून वाइन झिरपू नये म्हणून आतून राळेचा लेप देत, त्या चवीची ही पणती. दुसरा घोट बरा लागला. तिसरा घेतला नाही.

दुसरा दिवस: अथेन्स, भांडी

आजचा अख्खा दिवस भांड्यांत गेला आणि मला तो कमीच पडला.

सकाळी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय, दुपारी अगोराचं संग्रहालय. अगोराचं संग्रहालय अत्तालोसच्या स्तोआत आहे. जुन्या बाजाराची ही दुमजली ओवरी अमेरिकी पुरातत्त्वज्ञांनी १९५०च्या दशकात पुन्हा बांधून काढली. दोन्हीकडे कपाटांच्या रांगा, आणि त्यातली निम्मी भांडी एका संध्याकाळच्या बैठकीसाठीच घडवलेली. साठवायला दोन कानांचा अँफोरा, मिसळायला रुंद तोंडाचा क्राटेर, गार करायला भोवऱ्यासारख्या पोटाचा प्सिक्तेर, ओतायला चोचीचा ओइनोखोए आणि प्यायला बशीसारखा पसरट, दोन कानांचा किलिक्स. आपल्याकडे ताकाला रवी, डेरा, गाडगं, मापटं अशी वेगवेगळी नावं असतात, तसाच प्रकार. ज्या घरात एखाद्या गोष्टीची पाच भांडी निघतात, तिथं ती गोष्ट साधी नसते.

या सगळ्यात राजा म्हणजे क्राटेर. अगोरात एक्सेकियास या चित्रकाराच्या नावावर असलेला, इ. स. पू. ५३०च्या सुमाराचा क्राटेर आहे. तुकडे जोडून उभा केलेला, मध्ये मध्ये मोकळ्या जागा, तरीही समोरून हलवत नाही. क्राटेर या शब्दाचा अर्थच मिसळण्याचं भांडं. ग्रीक माणूस वाइन तशीच पीत नसे, पाणी घालून पिई. आणि पाणी जास्त, वाइन कमी. तीनास एक, पाचास दोन, फार झालं तर दोनास एक. आजच्या ग्रीक भाषेत वाइनला 'क्रासी' म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ 'मिसळण'. पाणी घालायचं सुटलं, शब्द तेवढा राहिला.

बैठकीचं नाव सिंपोसियॉन, म्हणजे एकत्र पिणं. आधी जेवण उरकायचं, मग आंद्रॉन नावाच्या पुरुषांच्या खोलीत भिंतीलगत मांडलेल्या बाजांवर डाव्या कोपरावर रेलायचं. बाजा नीट बसाव्यात म्हणून त्या खोलीचं दार भिंतीच्या मधोमध न ठेवता थोडं बाजूला सरकवलेलं असे. घराचा नुसता पाया सापडला तरी एवढ्या खुणेवरून पुरातत्त्ववाले खोली ओळखतात. एकाला त्या रात्रीचा प्रमुख नेमायचं. किती पाणी, किती क्राटेर, कोणी काय म्हणायचं, सगळं तो ठरवणार. पहिले थेंब देवाच्या नावानं जमिनीवर. आपल्याकडेही कित्येक जण पहिल्या घोटाआधी बोट बुडवून दोन थेंब उडवतात; कोणाच्या नावानं, हे त्यांना विचारू नये.

घरच्या बायकांना तिथं मज्जाव. बासरी वाजवणाऱ्या मुली आणि हेताइरा, म्हणजे गणिका, मात्र असत. आपल्या लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्या शहराची ही दुसरी बाजू त्या कपांवर स्वच्छ रंगवलेली आहे. वर कोत्ताबोस नावाचा खेळ: कपाच्या तळाशी उरलेला गाळ मनगटाच्या झटक्यानं लांबच्या तबकडीवर फेकायचा.

"आणि फरशी पुसायची कोणी?" मेहुण्यानं विचारलं.

गुलामांनी. कप धरणारेही तेच आणि मापात पाणी घालणारेही.

इ. स. पू. चौथ्या शतकातला विनोदी नाटककार युबुलोस याचा एक उतारा टिकून आहे. त्यात खुद्द वाइनचा देव दिओनिसस सांगतो, शहाण्यांसाठी मी तीनच क्राटेर मिसळतो. पहिला तब्येतीचा, दुसरा प्रेमाचा, तिसरा झोपेचा. तो संपला की शहाणा पाहुणा घरी जातो. चौथा माजाचा, पाचवा आरडाओरडीचा, सहावा रस्त्यातल्या धिंगाण्याचा, सातवा काळ्यानिळ्या डोळ्यांचा, आठवा समन्सचा, नववा पित्ताचा आणि दहावा वेडाचा. आमच्याकडच्या यात्रेनंतरच्या रात्रीचा पंचनामा कोणी अडीच हजार वर्षं आधी लिहून ठेवावा, तसं वाटलं.

पाणी न घालता पिणं हे रानटीपणाचं लक्षण. त्याचं उदाहरण म्हणजे काळ्या समुद्रापलीकडचे सिथियन. स्पार्टाचा राजा क्लेओमेनेस वेडा होऊन मेला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो, स्पार्टाच्या लोकांच्या मते हे सिथियन वकिलांच्या संगतीत बिनपाण्याची पिण्याची सवय लागल्यानं झालं. तेव्हापासून जरा कडक हवी असली की ते म्हणत, सिथियन पद्धतीनं ओत. दोष द्यायला शेजारी बरा असतो.

अँफोऱ्यांच्या रांगेपुढे मला नेवासं आठवलं. असल्याच, पण रोमन काळातल्या कुंभांचे तुकडे नेवाशाच्या आणि तेरच्या उत्खननात निघालेले आहेत. पहिल्या शतकातला एक ग्रीक खलाशी भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी देतो, त्यात वाइन आहे आणि इटलीची जास्त चालते असंही नमूद आहे. म्हणजे आमच्या भागात वाइन आली ती आधी कुंभात बसून, वेल फार नंतर आला.

तिसरा दिवस: दिओनिसोस गाव

अथेन्सच्या उत्तरेला पेंतेली डोंगराच्या पलीकडच्या उतारावर दिओनिसोस नावाचं बंगल्यांचं गाव आहे. जुन्या काळी इथं इकारिया होतं. पाइनच्या झाडीत काही भिंती, नाट्यस्थळातल्या दोन-चार संगमरवरी खुर्च्या आणि आम्ही दोघं. अमेरिकनांनी १८८८ साली इथं खणलं. परंपरेनं पहिला नट मानलेला थेस्पिस याच गावचा.

पण मी आलो होतो इकारिओससाठी. दिओनिससनं अत्तिकेत, म्हणजे अथेन्सच्या मुलखात, वाइनची विद्या पहिल्यांदा दिली ती या शेतकऱ्याला. यानं पहिला बार काढला आणि कौतुकानं शेजारच्या मेंढपाळांना पाजला. त्यांनी पाणी घातलं नाही. सांगितलंच नव्हतं कोणी. डोकं गरगरायला लागलं तशी त्यांची खात्री पटली की यानं विष घातलं. त्यांनी त्याला मारून टाकलं. मुलगी एरिगोने कुत्र्याला घेऊन बापाला शोधत फिरली, प्रेत सापडल्यावर तिनं गळफास घेतला.

देवानं विद्या दिली, मार शेतकऱ्यानं खाल्ला. त्या खुर्चीवर टेकून मी ही गोष्ट मेहुण्याला सांगितली. तो म्हणाला, "दाजी, यांच्या पहिल्या वाइनचा पहिला निकाल खून. आणि नावं आम्हा बिअरवाल्यांना?"

चौथा दिवस: नेमेआ

अथेन्सहून साधारण सव्वाशे किलोमीटर. वाटेत कोरिंथचा कालवा बघितला, सगळे बघतात म्हणून.

नेमेआच्या खोऱ्यात शिरलो आणि गाडी थांबवायला लावली. दोन्ही बाजूंना वेल. जात आयोर्गितिको, काळी. तारेवर चढवलेल्या ओळी आपल्या वाइन बागांसारख्याच, मधूनच जुन्या बागेत बिनतारेची बुटकी झुडपं. काही प्लॉटवर तोडणी नुकती लागली होती. एका बागाईतदारानं गाडीशेजारी घुटमळणारे दोन परदेशी बघून हाक मारली. त्याला इंग्रजी बेताचं, मला ग्रीक शून्य, पण घड हातात घेऊन मणी चावला, बी दाताखाली फोडून बघितली आणि त्याला कळलं की हा धंद्यातला माणूस आहे. मग मोबाइलवर भाषांतर करत तासभर बोललो. तो साखर ब्रिक्समध्ये सांगत नाही, बोमेमध्ये सांगतो. ब्रिक्सला एक पूर्णांक आठ दशांशनं भागा की साधारण बोमे येतं, आणि जेवढा बोमे तेवढे अल्कोहोलचे टक्के. हिशेबाला सोपं. डावणीला, म्हणजे वेलावरच्या बुरशीच्या रोगाला, ते पेरोनोस्पोरोस म्हणतात. तो शब्द ऐकून दोघांनीही एकदमच कपाळाला हात लावला. ही डावणी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात आली. दिओनिससला पाठीवर पंप घेऊन फवारणी करावी लागली नाही, म्हणून तो कायम हसत असतो.

झेउसच्या देवळाचे खांब संध्याकाळच्या उन्हात बघितले. धावपटू ज्या बोगद्यातून मैदानात यायचे तिथं भिंतीवर जुन्या लोकांनी कोरलेली नावं आहेत. आपले लोक उगाच बदनाम.

रात्री जेवताना बाटलीवर १४ टक्के लिहिलेलं होतं. मेहुण्यानं ग्लासाकडे बघत खिशातलं पेन काढलं आणि कागदी टेबलक्लॉथवर आकडे मांडले. एक भाग वाइन, तीन भाग पाणी. चौदा भागिले चार. साडेतीन टक्के.

"दाजी, माझी बिअर पाच टक्क्यांची आहे."

मी परत भागाकार केला. बरोबर होता. म्हणजे जगाला सभ्यता शिकवणारे हे लोक रात्रभर जे पीत होते ते त्याच्या बिअरपेक्षा पातळ होतं. होमरच्या 'ओडिसी'त तर मारोन नावाचा पुजारी ओडिसियसला जी वाइन देतो ती एका कपाला वीस माप पाणी घालून प्यायची असते. ते वीस भाग कविकल्पनेचे धरले तरी दिशा तीच. मला हे आधी कधी सुचलं नव्हतं आणि नेमकं बिअरवाल्यानं सुचवावं याचा थोडा राग आला. पण त्यातून एक गोष्ट लख्ख झाली. या लोकांच्या लेखी प्रश्न नशेचा नव्हताच, पिण्याच्या रीतीचा होता. पाणी घातलं की तो आपला, नाही घातलं की सिथियन.

पाचवा दिवस: गाडीत

नेमेआ ते थेसालोनिकी, सहाशे किलोमीटरच्या आसपास. लिहिण्यासारखं विशेष नाही. लारिसाजवळ थेसालीचं मोठं सपाट मैदान लागतं, गहू-कापसाचा मुलूख, थेट आपला खानदेश.

गाडीत बिअरबद्दल ग्रीक लोक काय काय बोलले याची उजळणी झाली. हिरोडोटस म्हणतो, इजिप्तचे लोक जवाची वाइन पितात कारण त्यांच्या देशात द्राक्षवेलच नाहीत. हे चूक आहे. इजिप्तमध्ये त्याच्या हजारो वर्षं आधीपासून द्राक्षं होती, थडग्यांच्या भिंतींवर तोडणीची चित्रं आहेत. ॲरिस्टॉटलचं निरीक्षण आणखी भारी: बाकीचं काही पिऊन झिंगलेले लोक कुठल्याही बाजूला पडतात, जवाची पिऊन झिंगलेले मात्र उताणेच पडतात. एवढा मोठा विचारवंत हे मोजत कुठं बसला असेल?

एस्किलसच्या नाटकात अर्गोसचा राजा इजिप्तच्या दूताला दटावतो, इथं तुम्हाला मर्द भेटतील, जवाचं 'मेथी' पिणारे नव्हेत. हे मेथी म्हणजे आपलं मधू. एकाच मुळाचा शब्द, तिकडे मद्याकडे गेला आणि इकडे मधाकडे. 'अमेथिस्तोस' म्हणजे न झिंगलेला. त्यावरून त्या जांभळ्या खड्याचं नाव पडलं, तो अंगावर असला की चढत नाही अशी समजूत. मेहुण्याच्या बायकोच्या अंगठीत तो खडा आहे. तिनं आयुष्यात थेंब घेतलेला नाही, तेव्हा खडा गुणाचा म्हणायचा.

सहावा दिवस: थेसालोनिकी

सप्टेंबरात इथं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं, हे आम्हाला खोली शोधताना कळलं. दुप्पट पैसे मोजून गल्लीतली कोंदट खोली मिळाली, खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत.

देर्वेनीचा क्राटेर बघितला आणि खोलीचं दुःख विसरलो. १९६२ साली शहराजवळच्या थडग्यात सापडला. नव्वद सेंटिमीटरभर उंच, चाळीस किलो वजन, सोन्यासारखा झळझळणारा, आणि त्यात सोनं अजिबात नाही. काशात कथील जास्त घातल्यानं तो रंग येतो. अंगावर दिओनिसस रेलून बसलाय, पाय खुशाल बायकोच्या, अरियादनेच्या, मांडीवर टाकलेला. भोवती बेभान नाचणाऱ्या बायका. आत वाइन नव्हती; इ. स. पू. चौथ्या शतकातल्या मालकाची जळलेली हाडं होती. ज्या भांड्यात आयुष्यभर पाणी मिसळायचं, त्याचाच शेवटी अस्थिकलश.

मी त्याच्याभोवती सात-आठ फेऱ्या मारल्या. पहारेकरीण शेवटी हसायला लागली.

सातवा दिवस: एक टेकाड, नाउसा, व्हेरगिना

आजची सकाळ मेहुण्याची. पेल्ला ओलांडून यानित्साजवळ आर्खोंदिको नावाचं टेकाड आहे. बघायला काही नाही. कुठलंही पांढरीचं टेकाड असतं तसं. पण इ. स. पू. २१००च्या सुमारास इथली घरं जळाली आणि आगीत करपून टिकलं ते मोड आलेलं, भरडलेलं धान्य. लारिसाजवळच्या अर्गिसा टेकाडातही, काही शतकं नंतरचं, असंच धान्य निघालं. हे बिअर करण्याचे अवशेष असावेत, असं थेसालोनिकीच्या ॲरिस्टॉटल विद्यापीठातल्या सुल्ताना मारिया वालामोती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडलं. ॲरिस्टॉटलच्याच नावाच्या विद्यापीठात बिअर निघावी, यात काव्यगत न्याय आहे.

मोड का आणायचे, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला सांगायची गरज नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून लहान बाळाला सत्त्व देतात. मोड आले की पिठूळ दाणा गोडावतो. तसेच जव मोडवून, वाळवून, भरडून साठ-सत्तर अंशांच्या गरम पाण्यात ठेवले की उरलेल्या स्टार्चची साखर होते आणि मग किण्व, म्हणजे यीस्ट, आपलं काम करतं. द्राक्षाला यातलं काही लागत नाही. मणी फुटला, रस सांडला, सालीवरचं किण्व लागलं की झालं. मी म्हटलं, वाइन आपोआप होते, बिअरला अक्कल लागते. बोललो आणि जीभ चावली, पण मेहुण्यानं ते वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं होतं.

नाउसाला क्सिनोमावरो जातीच्या द्राक्षबागा धावत्या बघितल्या. इथला माल अजून वेलावरच होता. नावाचा अर्थ आंबट-काळा. चाखल्यावर नाव ठेवणाऱ्याच्या प्रामाणिकपणाला दाद दिली.

व्हेरगिना म्हणजे मॅसेडोनियाच्या राजांची जुनी राजधानी एगे. १९७७ साली मानोलिस आंद्रोनिकोस यांनी इथं एक न लुटलेलं थडगं उघडलं, ते अलेक्झांडरचा बाप फिलिप याचं मानतात. संग्रहालय मातीच्या ढिगाऱ्याच्या पोटातच आहे. अंधारात उतरायचं आणि कपाटांतून चांदी चमकते. पेले, सुरया, गाळणी. परलोकातही बैठक मोडायला नको.

हे मॅसेडोनियन बिनपाण्याची पीत. दक्षिणेतले ग्रीक त्यांना अर्धवट आपले, अर्धवट परके धरत, त्यात हेही एक कारण होतं. फिलिपच्या नव्या लग्नातल्या मेजवानीत बापलेकांचं भांडण जुंपलं. बाप तलवार उपसून उठला आणि अडखळून पडला. अलेक्झांडर म्हणाला, बघा, हा युरोपातून आशियात जाणार होता, याला या बाजेवरून त्या बाजेपर्यंत जाता येईना. पुढे इ. स. पू. ३२८ मध्ये समरकंदला अशाच एका रात्री याच अलेक्झांडरनं भाल्यानं क्लेइतोसला मारलं, ज्यानं कधीकाळी त्याचा जीव वाचवला होता. बापाला हसणं सोपं होतं.

आणि तिसरी गोष्ट आपल्या माणसाची. तक्षशिलेहून अलेक्झांडरबरोबर गेलेला साधू, ज्याला ग्रीक कालानोस म्हणत, इराणात आजारी पडला आणि इ. स. पू. ३२४ मध्ये सुसाजवळ त्यानं स्वतःहून चिता रचायला लावली. त्याच्या स्मरणार्थ अलेक्झांडरनं काय ठेवावं? बिनपाण्याची वाइन पिण्याची शर्यत. प्रोमाखोस नावाचा गडी चार खोएस, म्हणजे आपल्या मापानं तेरा लिटरच्या आसपास, पिऊन जिंकला, एक टॅलंटचं बक्षीस घेतलं आणि तीन दिवसांनी मेला. बाकीचे एकेचाळीस स्पर्धकही मेले, असं ग्रीक चरित्रकार प्लूटार्क देतो. एका निर्व्यसनी संन्याशाच्या उत्तरकार्याला बेचाळीस बळी. चांदीच्या त्या गाळणीपुढे उभं राहून हे आठवलं आणि बाहेर येऊन कितीतरी वेळ आम्ही दोघंही गप्प होतो.

आठवा दिवस: दिकिली ताश, थासोस

पहाटेच निघालो. फिलिप्पी गावाशेजारी दिकिली ताश. तुर्की नाव, अर्थ उभा दगड. तसा एक रोमन दगड रस्त्याकडेला खरंच उभा आहे. त्यामागचं टेकाड माझं. इथंही घर जळालं, इथंही आगीनंच राखलं: द्राक्षाच्या बिया आणि पिळून काढलेली सालं, इ. स. पू. ४३००च्या सुमाराची. वाइनचा युरोपातला हा सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी एक. कालच्या टेकाडापेक्षा दोन हजार वर्षं जुना. मी शांतपणे मेहुण्याकडे बघितलं. त्यानं शांतपणे गाडी सुरू केली.

केरामोतीहून बोटीनं अर्ध्या-पाऊण तासात थासोस. हिरवं, डोंगराळ बेट. पारोसच्या ग्रीकांनी इ. स. पू. सातव्या शतकात वसवलं आणि वाइनवर श्रीमंत केलं. संग्रहालयात छातीशी मेंढा धरलेला साडेतीन मीटरचा संगमरवरी तरुण आहे, पण मी रमलो शिक्के मारलेल्या अँफोऱ्यांच्या कानांत. माल कुठला ते कानावर ठोकून ठेवायचं, आजच्या लेबलसारखं. इथं सापडलेले इ. स. पू. पाचव्या शतकातले वाइनचे कायदे तर आमच्या बाजार समितीनं वाचावेत असे आहेत. अमुक महिना उजाडायच्या आत वेलावरच्या पिकाचा सौदा करायचा नाही. थासोसच्या जहाजानं ठरलेल्या हद्दीत परक्या गावची वाइन उतरवायची नाही. उतरवली तर वाइनमध्ये पाणी घालून विकणाऱ्याला जो दंड तोच त्याला. म्हणजे पाणी घालायचंच, पण ते पिणाऱ्यानं. विकणाऱ्यानं घातलं की गुन्हा. दूधवाल्यांना हे लगेच कळेल.

पारोसहून इथं येऊन भांडला तो कवी आर्किलोकस. त्याची एक ओळ टिकून आहे, त्यात थ्रेसचा किंवा फ्रिजियाचा माणूस नळीनं 'ब्रितोस' ओढतो तशी, अशी उपमा येते. उपमेय इथं लिहिता येत नाही. घरातली मुलं वाचतात. ब्रितोस म्हणजे बिअर. थ्रेस म्हणजे बोटीवरून समोर दिसत होता तो किनारा. पण हाच आर्किलोकस दुसरीकडे म्हणतो, भाल्यावर रेलून मी इस्मारोसची वाइन पितो. इस्मारोस कुठलं? त्याच थ्रेसचं. होमरची वीस पाण्यांची वाइनसुद्धा तिथलीच. वाइन त्यांची प्यायची आणि हसायचं त्यांच्या नळीला.

फ्रिजियाच्या लोकांनी तर हा वादच मिटवला होता. तुर्कस्तानातल्या गोर्डियनच्या मोठ्या थडग्यात, १९५७ साली उघडलेल्या, भांड्यांच्या तळाशी जो थर सापडला त्याच्या रासायनिक तपासात द्राक्षाची वाइन, जवाची बिअर आणि मध एकत्र निघाले.

संध्याकाळी बंदरावर बसलो. मी झेनोफॉन या ग्रीक सैनिक-लेखकाची गोष्ट सांगितली. इ. स. पू. ४०१च्या हिवाळ्यात त्याचं ग्रीक भाडोत्री सैन्य आर्मेनियाच्या बर्फातून परतत होतं, तेव्हा एका गावात जमिनीखालच्या घरांत त्यांना जवाची वाइन मिळाली. भांड्यात काठोकाठ, वर जवाचे दाणे तरंगत आणि आत लहानमोठ्या, पेर नसलेल्या नळ्या. तहान लागली की नळी तोंडात धरून ओढायचं. पाणी घातलं नाही तर फार कडक, झेनोफॉन लिहितो, पण एकदा सवय झाली की फार छान. इतक्या ग्रीकांत हा एकच, ज्यानं आधी पिऊन बघितलं आणि मग लिहिलं.

मेहुणा उठला. शेजारच्या टेबलावर कोणीतरी टाकून गेलेल्या फ्रापे कॉफीच्या ग्लासाशेजारी न वापरलेली कागदी नळी होती, ती घेऊन आला आणि बिअरच्या फेसात खुपसली. दोन घोट ओढले. तिसऱ्या घोटाला नळी भिजून चपटी झाली.

"वेताचीच हवी, दाजी," तो म्हणाला. "बिनपेराची."

मी अर्धा किलो लाल आणि एक जग पाणी मागवलं. वाढप्यानं पाण्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं. एक भाग, तीन भाग, मोजून ओतलं. रंग गुलाबी झाला, चव जवळजवळ गेलीच. तरी ग्लास संपवला. तेवढ्यात गावाकडून फोन आला: छाटणीची टोळी पुढच्या सोमवारी येतेय, उचल आधी मागतेय, काय करू?